काजव्यावरचा अंगठा

तोंडात उरलेल्या साडेतीन दातांची शपथ घेऊन सांगते, पुढे येतंय त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. ज्याला पटत नसेल त्याने आत्ताच उठून जावं. मधेच "असं कुठं असतं का" म्हणालात तर शेवट सांगणार नाही, आधीच बजावून ठेवते.

१

सकाळचे सव्वाआठ झाले होते. सिनेमाच्या कारखान्यातल्या शिवणखोलीत टाचणीमावशी नव्याकोऱ्या कोटाचं कोपर विटेच्या तुकड्याने घासत बसली होती. कोट परवाच शिवून झालेला, पण सिनेमातला कप्तान तो घालून बारा वर्षं आकाशात हिंडून आलाय, तेव्हा कोपरं विरलेली नकोत? आधी नवं शिवायचं आणि मग ते जुनं करायचं, हेच तिचं काम. तोंडात कायम दोन टाचण्या, म्हणून नाव टाचणीमावशी. खरी मावशी ती एकीचीच, सामानाचं कपाट सांभाळणाऱ्या भाचीची. बाकी सगळ्यांनी तिला फुकटात मावशी करून घेतलेली.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून आवाज आला. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा.

मावशी विटेसकट धावली. बघते तर मिस्तरी टेबलाशी उभा, हातात काजवा, काजव्याचं पोट उघडलेलं, आणि त्यातून शिशाचे बारके गोळे टपटप फरशीवर पडून चहूकडे पळतायत. भाची भिंतीला टेकलेली, चेहरा पांढराफटक.

काजवा म्हणजे कप्तानाची बंदूक. आता तुम्ही म्हणाल, बंदुकीचं नाव काजवा कसं? ती बंदूक गोळी मारायचीच नाही. सिनेमात ती एकदा झाडली की आकाशातला एक तारा विझायचा. मिस्तरीने आठ महिने खपून बनवलेली. पितळी नळी, काळपट लाकडाची वळणदार मूठ आणि पोटात काचेची कुपी. बटण दाबलं की कुपीत हिरवट उजेड श्वास घेतल्यासारखा कमीजास्त व्हायचा.

आज सिनेमाचा शेवटचा तुकडा घ्यायचा होता. दुपारी चार वाजता, जुन्या दगडखाणीत. खाणीत पाणी साचून तळ नाहीसा झालेला. कप्तान म्हणणार, आता पुरे झाले तारे विझवून, आणि काजवा पाण्यात फेकणार. एकदा गेला की गेला. कालपर्यंत तो न पेटवताच फेकायचा होता. आज सकाळी दिग्दर्शकाच्या डोक्यात आलं की फेकण्याआधी पेटलेला दाखवू. मिस्तरीने बटण दाबलं, उजेड नाही. स्क्रू काढले, तर आत कुपी नाही, तार नाही, नुसतं शिसं.

"हा माझा नव्हे," मिस्तरी म्हणाला. "हा तोतया आहे."

"कपाटाची किल्ली कुणाकडे?" तिथेच उभ्या असलेल्या दिग्दर्शकाने विचारलं.

"माझ्याकडे," भाची म्हणाली. "एकच आहे. गळ्यात असते."

"रात्री झोपताना?"

"तेव्हाही."

"मग झालं तर! चारपर्यंत काजवा माझ्या हातात आला नाही तर तू घरी. आणि या धंद्यात दुसरीकडे कुठे कपाट उघडशील असं समजू नकोस. मी स्वतः सगळीकडे सांगेन."

तीन वर्षं फरशा पुसून पोरीला ती किल्ली मिळाली होती. तिचा हात गळ्याशी गेला.

टाचणीमावशीने तोंडातल्या दोन्ही टाचण्या काढल्या आणि पदराला टोचल्या. ती टाचण्या काढते तेव्हा शहाणी माणसं दोन पावलं मागे सरकतात.

२

"रडून घे आधी," मावशी भाचीला शिवणखोलीत नेऊन म्हणाली. "पाच मिनिटं. मग नीट सांग."

"मला नाही रडायला येत, मावशी. मला राग आलाय."

"मग उत्तम. काल काजवा शेवटचा पेटलेला कधी पाहिलास?"

"दोन वाजता. शूटिंगमध्ये. सगळ्यांनी पाहिला."

"पुढे?"

"तीनला रंगाऱ्याने नेला, रंगाचा एक टवका उडाला होता म्हणून. अर्ध्या तासात आणून दिला. मग कप्तानाकडे. तो तर हातातून सोडतच नाही, लहान पोराने बाहुली धरावी तसा धरून बसतो. सहाला तो रंग उतरवायला मेकअपवाल्याकडे गेला. मी दारात स्टुलावर."

"आत बघत होतीस?"

"दाराला पाठ करून बसते. बाहेरून कुणी आत जाऊ नये म्हणून. साडेसहाला कप्तानाने काजवा माझ्या हातात दिला, मी कपाटात ठेवला."

"पेटवून पाहिला नाहीस?"

"मिस्तरीशिवाय बटणाला हात लावायचा नाही, तार नाजूक आहे. मी हातात उचलून बघते. जड लागला म्हणजे खरा. पळापळीच्या दृश्यांसाठी साच्यात ओतलेले नकली नग हलके असतात ना."

"आणि हे तू सगळ्यांसमोर करतेस."

"रोज."

"म्हणजे ते शिसं तुझ्या हातासाठी होतं, बाळा." मावशी खुर्चीत मागे रेलली. "दिग्दर्शक म्हणतो रात्री चोरी झाली. कुलूप शाबूत, खिडकी नाही, किल्ली तुझ्या गळ्यात. रात्री काही झालंच नाही. कपाटात गेला तोच तोतया गेला. म्हणजे चोर दोन ते साडेसहाच्या मधला."

भाचीचे डोळे चमकले. "मग दिग्दर्शकाला सांगू?"

"काय सांगशील? मावशी म्हणते? मावशीच्या म्हणण्यावर त्याने आजवर बटणसुद्धा बदललेलं नाही. आधी मिस्तरीकडे जाते. कालच त्याचं दिग्दर्शकाशी वाजलंय."

३

मिस्तरी मागच्या अंगणात एका मोठ्या खोक्यावर वाकून काहीतरी मोजत होता.

"तेरा," तो म्हणाला. "चौदा होते. बुडबुडे येऊन वाया गेलेले नग. तोतया याच खोक्यातला. कुणीतरी बुजवून, घासून रंगवलाय."

"कुणीही नेला असेल?"

"उघड्यावर पडलेलं खोकं. मांजर नेईल."

"आणि तुमचं काल भांडण कशावरून झालं?"

मिस्तरी म्हणाला, "काजवा फेकू नका म्हटलं. हलका नग फेका. तो म्हणाला, खराच हवा, कप्तानाचा हात खराखुरा थरथरला पाहिजे. मूळ गोष्टीत फेकाफेकी नव्हती, मावशी. ती नंतर घातली. आधी माहीत असतं तर मी ती मूठ लावलीच नसती."

"मुठीत काय एवढं?"

"लाकूड आहे," एवढंच बोलून तो पुन्हा खोक्यात वाकला.

माणूस असा बोलला की समजावं, लाकूड सोडून बाकी सगळं आहे. पण चोर असता तर खोकं मोजून एक नग कमी आहे हे आपणहून सांगितलं असतं का? मावशीने त्याला मनातल्या मनात बाजूला ठेवला. पूर्ण नाही, अर्धा.

रंगारी त्याच्या खोलीत डबे आपटत होता. तोतया इतका हुबेहूब रंगवलेला, म्हणजे तो रंगाऱ्यानेच रंगवला, असं दिग्दर्शक सकाळीच ओरडून गेला होता.

"बघ तरी एकदा," मावशी म्हणाली. "तुझ्या हातचं आहे की नाही सांग."

"त्या तोतयाचं तोंड बघणार नाही मी! मावशी, माझी पद्धत ठाऊक आहे ना तुला? मी अंदाजाने रंग झिजवत नाही. कप्तानाच्या तळहाताला काजळी फासली, काजवा धरायला लावला. जिथे काजळी लागली तिथला रंग घासून खालचं पितळ काढलं. त्याच्या अंगठ्याची जागा, त्याच्या बोटांची जागा. असं काम करणारा माणूस टाकाऊ नगावर वेळ घालवेल?"

"नाही घालवणार. पण तू फुगून बसलास तर लोक म्हणतील घालवला."

"म्हणू देत. लोकांच्या तोंडाला काय रंग फासू?"

तेवढ्यात भाची धापा टाकत आली. "मावशी, शिसं कुणाचं ते कळलं! कप्तान मासे धरायला जातो ना, गळाला बांधायचे गोळे आहेत ते. त्याची डबी रिकामी सापडलीय!"

४

कप्तानाला कोट घालून बघायचा होताच. मावशीने त्याला शिवणखोलीत बोलावून उंच आरशासमोर उभा केला. दिसायला भारदस्त, आकाशगंगा पालथ्या घालणारा गडी. पण मावशीने टाचण्या काढलेल्या बघून तोही दोन पावलं मागे सरकला.

"डबी माझीच," तो म्हणाला. "पण माझी मासेमारीची पिशवी मेकअपच्या खोलीत खुंटीला असते. महिनाभर उघडली नाही. वेळ कुठाय?"

"काजवा तुला हवा होता ना?"

"हवा होता! दिग्दर्शकाला तीनदा मागितला. नाही म्हणाला."

"मग?"

"मग काय! मागून मिळाला नाही म्हणजे चोरलाच असं असतं का, मावशी? तसं असतं तर अर्धं जग तुरुंगात असतं."

मावशी त्याला तसाच टाचणी लावलेल्या बाहीसकट सोडून मेकअपच्या खोलीत गेली. मेकअपवाला पाठमोरा बसून कुंचले धूत होता. किडकिडीत, गोड बोलणारा, मिस्तरीचा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. मिस्तरीची बायको दोन वर्षांमागे गेली, तेव्हापासून हाच त्याला रोज जेवायला आपल्या घरी ओढून न्यायचा. वरच्या फळीवर सगळ्या नटांची प्लास्टरची डोकी ओळीने मांडलेली.

"ये मावशी, बस," तो मान न वळवता समोरच्या आरशातल्या मावशीला म्हणाला. "पोरीचं ऐकलं. फार वाईट झालं."

"तुझ्या खुंटीवरच्या पिशवीतून शिसं गेलंय."

"इथे दिवसभर वर्दळ असते. चहावाल्यापासून निर्मात्यापर्यंत." तो आरशातल्या मावशीकडे बघून हसला. हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

"कप्तान इथे काजवा खाली ठेवतो का?"

"छे. मांडीवर. मी त्याच्या मागे उभा, डोक्याशी. मला बिचाऱ्याला त्याचं टाळकं दिसतं." आणि मग आरशातल्या मावशीला विचारलं, "पोरीला खरंच काढतील?"

"चार वाजता."

त्याच्या हातातला कुंचला पाण्यात पडला. तो काढायला त्याला बराच वेळ लागला.

मावशी परत आली तेव्हा एक वाजून गेला होता. कप्तान अजून बाही वर धरून उभा. बाही बंदुकीत अडकते का बघायला तिने शिसं परत भरलेला तोतया त्याच्या डाव्या हातात दिला. कप्तान डावखुरा.

"हा माझा वाटत नाही," कप्तान म्हणाला. "वजन बरोबर आहे, पण... डोळ्यांना खुपतंय काहीतरी."

"ठेव टेबलावर."

आरशाशेजारी भिंतीवर खऱ्या काजव्याचा मोठा फोटो डकवलेला होता. मावशीने आरशात बघितलं. आरशातला तोतया अगदी फोटोतल्यासारखा. तीच झीज, तोच नळीवरचा जळका डाग, काही म्हणून फरक नाही. मग तिने मान वळवून टेबलावर बघितलं.

आणि मटकन खाली बसली.

"काय झालं?" कप्तान घाबरला.

"काही नाही रे. चोर सापडला. तू बाही खाली कर आता."

५

दुपारी दोनला मावशीने सगळ्यांना मेकअपच्या खोलीत गोळा केलं. दिग्दर्शक घड्याळ बघतच आला.

"दोन तास उरलेत, मावशी."

"मला पाच मिनिटं पुरे. कप्तान, तोतया डाव्या हातात धर. अंगठा कुठे आला?"

"उजव्या अंगावर."

"बरोबर. डाव्या हातात वस्तू धरली की अंगठा तिच्या उजव्या अंगावर येतो. कुणीही लाटणं धरून बघावं. रंगाऱ्याने काजळी लावून खऱ्या काजव्याचं पितळ तिथेच उघडं केलं. आता तोतयावर बघा. अंगठ्याची झीज डाव्या अंगावर!"

रंगाऱ्याने आता मात्र तोतया ओढून घेतला. "अरे! जळका डागही उलट्या बाजूला! हे कुणा गाढवाचं काम?"

"गाढवाचं नाही. हात चांगला आहे. गाढवाची एखादी खूण चुकली असती, बाकीच्या बरोबर आल्या असत्या. इथे एकूण एक खूण बरोबर आहे, आणि एकूण एक उलटी. असं कधी होतं? वस्तू समोरून न बघता आरशातून बघितली तर. काजवा सगळ्यांनी हातात घेतला, सेटवर समोरून पाहिला. आरशातून बघूनच त्याचं चित्र काढणारा माणूस कोण?"

मेकअपवाला आपल्या जागी, सगळ्यांना पाठ करून उभा होता. आरशातून त्याने एकेकाचा चेहरा पाहिला. भाचीच्या चेहऱ्याशी आला, आणि महिन्याभरात पहिल्यांदा, असं म्हणायला हरकत नाही, वळून खरोखरच्या माणसाकडे बघितलं.

"तुझ्यावर येईल असं मला वाटलंच नव्हतं गं."

"स्वतः काढतोस, की मी वरची सगळी डोकी फोडू?" मावशी म्हणाली.

त्याने फळीवरून कप्तानाचं प्लास्टरचं डोकं खाली काढलं. आतून पोकळ. त्यात फडक्यात गुंडाळलेला काजवा. मिस्तरीने हात पुढे केला, बटण दाबलं. हिरवा उजेड वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला.

"रोज सकाळी चेहऱ्याला लावलेला डिंक वाळेपर्यंत वीस मिनिटं कप्तान डोळे मिटून बसायचा," मेकअपवाला सांगू लागला. "मी मागे उभा. मांडीवरचा काजवा मला आरशातच दिसायचा. वहीत बघून बघून चितारला. खोक्यातला नग घरी नेऊन रंगवला. काल कप्तानाच्या डोळ्यांवर ओल्या पट्ट्या होत्या, पुसायला त्याचे हात मोकळे केले, तेव्हा बदलला. खाणीत जाणारच होता, पाण्यात कोण बघतंय? सगळं संपलं असतं. आज पेटवायचं निघेल हे कुणाला माहीत!"

"पण कशासाठी?" दिग्दर्शक ओरडला. "विकणार होतास?"

"ती मूठ..." त्याने साडूकडे पाहिलं. "सांगू?"

मिस्तरीने खाली बघतच मान हलवली.

"ती माझ्या मेहुणीच्या छत्रीची मूठ आहे. हा कायम छत्री विसरायचा. पाऊस आला की ती त्याला न्यायला कारखान्याच्या दारात येऊन उभी राहायची. ती गेली, छत्रीचं कापड फाटलं, मूठ राहिली. काजव्याला दुसरी कुठलीच मूठ बसेना म्हणून याने ती लावली. आणि तुम्ही म्हणालात, खाणीत फेका. हा घरी येऊन ताटावर बसायचा, जेवायचा नाही."

"तू... माझ्यासाठी?" मिस्तरी म्हणाला.

"नाहीतर काय, मला तारे विझवायचेत?"

मावशीने मात्र त्याला सोडलं नाही. "सकाळी आठ वाजल्यापासून तोंड शिवून बसलास. पोरीची किल्ली जात होती तेव्हा जीभ कुठे होती?"

"चारला सांगणार होतो, मावशी. खरंच."

"चारला तिची पिशवी भरून झाली असती. तिची माफी माग. आरशात नको, समोर."

त्याने मागितली. भाचीने लगेच दिली नाही. "बघते," म्हणाली. बरोबरच आहे, माफी काय उधार-उसनवार आहे मागितली की द्यायला?

६

राहता राहिला दिग्दर्शक.

"चोर सापडला, काजवा सापडला, उत्तम," तो म्हणाला. "आता चला खाणीवर. खराच फेकायचा."

"का रे बाबा?"

"कप्तानाचा हात थरथरला पाहिजे, मावशी! खोटं कॅमेऱ्याला कळतं."

"पुठ्ठ्याचं यान कळलं नाही, विटेने घासलेला कोट कळला नाही, आणि नेमकं हेच कळणार?" मावशी त्याच्या कानाशी गेली. "पेटलेला खरा दाखव. मग मी कोटाचं बटण लावायला मधे येते. आणि कप्तानाला काही सांगायचं नाही. आत्ताच त्याला कोटाच्या निमित्ताने बाहेर नेते, म्हणजे इथे काय ठरलं ते त्याला कळणार नाही."

मावशी कप्तानाला बाहेर घेऊन गेली आणि दिग्दर्शकाने मिस्तरीकडे बघितलं. मिस्तरी मुठीवरून अंगठा फिरवत होता, उजव्या बाजूने. "दहा मिनिटांत तोतयाचे डाग सरळ होतील?" दिग्दर्शकाने रंगाऱ्याला विचारलं.

"आठ," रंगारी म्हणाला.

चारला उन्हं खाणीच्या कडेवर आली. कप्तानाने काजवा पेटवला, हिरवा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला. मग "थांबा थांबा, बटण लोंबतंय" करत मावशी सुईदोरा घेऊन धावली, कोटाशी खुडबुडली, आणि तिच्या झग्यासारख्या पदराखाली काय गेलं, काय आलं, ते जवळ उभ्या भाचीलासुद्धा दिसलं नाही. कप्तानाने हात उगारला. हात असा थरथरला की दिग्दर्शक खुर्चीतून अर्धा उठला. तोतया हवेत दोन गिरक्या घेऊन डुबकन पाण्यात गेला, आणि कप्तान ढसाढसा रडला. ते काही कागदावर लिहिलेलं नव्हतं.

नंतर नाक पुसत तो मावशीजवळ आला. "खरं सांगू? आज मीच तो चोरणार होतो. बाहीत लपवून."

"माहीत आहे," मावशी म्हणाली. "म्हणूनच बाही घट्ट केली."

दिग्दर्शकाने भाचीची माफी काही मागितली नाही, त्याच्याकडून ती होत नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने कपाटाला नवं कुलूप आणलं आणि किल्ली सगळ्यांसमोर तिच्या हातावर ठेवली. आता ती दाराला पाठ करून बसत नाही. मेकअपवाल्याला तिने आठवडाभराने माफ केलं, पण अजून त्याच्या खोलीत गेली की आरशावर फडकं टाकते आणि मग बोलते.

काजवा मिस्तरीच्या घरी आहे. दाराशी, जिथे छत्री टांगायची त्याच खुंटीला. आणि बाहेर पावसाचा पहिला थेंब पडला की तो आपोआप पेटतो, हिरवागार, कुणीतरी न्यायला येऊन उभं राहिल्यासारखा.

बरं, ते आपोआपचं तेवढं मी घातलंय. बटण दाबावं लागतं. पाऊस आला की मिस्तरी उठून दाबतो, आणि तो पेंगत असला तर मी दाबते. टाचण्या तोंडातून काढून.